वाफसा किती रीडिंगला येतो? दुसऱ्या वर्षाच्या मुलांसोबत केलेलं संशोधन

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षातल्या मुलांना संशोधनाला घ्यायचं म्हटलं की स्टाफरूममध्ये पहिली चर्चा होते ती पॉइंटरची. इतका सीजीपीए हवा, बॅकलॉग नको, मग बघू. ही चाळणी आम्ही पहिल्याच वर्षी काढून टाकली. ज्याचा एम-टू, म्हणजे दुसऱ्या सेमिस्टरचा गणिताचा पेपर, राहिला आहे त्याला डिफरन्शियल इक्वेशन कशासाठी असतं हे दाखवणारं काम सगळ्यात आधी मिळायला हवं. त्याला 'आधी पेपर काढ, मग ये' म्हणणं म्हणजे पोहता आल्याशिवाय विहिरीत उतरू नकोस म्हणणं. म्हणून आमच्या गटात संशोधन आणि पाया एकाच वेळी चालतात. मंगळवारी दुपारी दोन तास प्रयोगशाळा आणि शुक्रवारी दोन तास गणित. शुक्रवारचं गणित मंगळवारच्या वहीतूनच निघालं पाहिजे, हा एकमेव कडक नियम. तो पाळायला शिक्षकालाच जास्त कष्ट पडतात.

बारा जणांचे सहा जोड. प्रत्येक जोडीत एक बारावीकडून आलेला आणि एक डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेला. डिप्लोमावाल्याने सोल्डरिंग केलेलं असतं, मल्टिमीटर हातात धरता येतो, पण एम-वन आणि एम-टू त्याच्या वाट्याला आलेलेच नसतात आणि तिसऱ्या सेमिस्टरला एम-थ्री समोर उभा राहतो. बारावीवाल्याचं नेमकं उलट. दोघांपैकी एकाला कायम 'हात' आणि दुसऱ्याला कायम 'डोकं' होऊ द्यायचं नाही, म्हणून दर आठवड्याला भूमिका बदलतात: एक मोजतो, दुसरा लिहितो.

विषय निवडताना सगळ्यात जास्त चुका शिक्षकांकडून होतात. 'कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारित स्मार्ट सिंचन' असं नाव दिलं की पोस्टर छान दिसतं, पण त्यात मुलाला उत्तर देता येईल असा प्रश्नच नसतो. आमचा प्रश्न एका ओळीचा आहे: काळ्या मातीत वाफसा आला, म्हणजे माती फार ओली नाही, फार कोरडी नाही, मशागतीला योग्य झाली, असं शेतकरी म्हणतो, तेव्हा शंभर-दीडशे रुपयांचा कपॅसिटिव्ह ओलावा सेन्सर काय दाखवतो? गटातली निम्मी मुलं शेतकऱ्यांच्या घरची असतात. मूठभर माती दाबून गोळा करायचा, छातीच्या उंचीवरून सोडायचा, फुटला तर वाफसा, ही परीक्षा त्यांनी लहानपणापासून पाहिलेली असते. गटात ज्ञान घेऊन येणारे फक्त शिक्षक नाहीत हे पहिल्या दिवशीच ठरून जातं, आणि त्याचा पुढे फार उपयोग होतो.

पहिले दोन आठवडे सेन्सरला हातही लावू देत नाही. एक ॲल्युमिनियमची डबी, ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा वजनकाटा आणि पानांना क्रमांक घातलेली वही. काम एवढंच: तीच डबी दहा वेळा उचलून दहा वेळा ठेवायची आणि दर वेळी दिसेल ते पेनने लिहायचं. पहिल्या दिवशी बहुतेक जोड्या दहाही वेळा एकच आकडा लिहितात. त्यात लबाडी नसते. पहिल्या वर्षाच्या फाइलांनी 'रीडिंग जुळलं पाहिजे' हे अंगी बाणवलेलं असतं. आधी उत्तर, मग त्याला शोभेल असं निरीक्षण. ही सवय मोडणं हे आमच्या सगळ्या कामातलं सगळ्यात अवघड काम आहे, आणि ती भाषणाने मोडत नाही. पंखा चालू करून तीच डबी पुन्हा मोजायला लावली की शेवटचा अंक हलायला लागतो. मग पंखा बंद, मग काट्याखालचं टेबल हलवून, मग डबी काट्याच्या ताटलीच्या कडेला ठेवून. दोन तासांत चाळीस आकडे होतात. त्या शुक्रवारी सरासरी आणि प्रमाण विचलन शिकवतो तेव्हा 'हे सूत्र कुठे वापरायचं' असं कोणी विचारत नाही.

वहीचे नियम कमी आहेत, पण त्यांना अपवाद नाही. पेन्सिल नाही, व्हाइटनर नाही, सुटा कागद नाही. चुकलं तर एक रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, आणि शेजारी कारण लिहायचं. आमच्याकडे अंतर्गत मूल्यमापनात खोडलेल्या नोंदीला गुण आहेत, एकसारख्या सुंदर तक्त्याला नाहीत.

तिसऱ्या आठवड्यात ओव्हन. मातीतला ओलावा मोजायची मूळ पद्धत साधी आहे: ओली माती तोलायची, १०५ ते ११० अंशांवर साधारण २४ तास वाळवायची, परत तोलायची. माती तपासणीच्या भारतीय मानकात, आयएस २७२० च्या दुसऱ्या भागात, ती दिलेली आहे आणि मुलांना तो भाग वाचायला लावतो, कारण मानक वाचणं हाही पायाच आहे. एक उदाहरण फळ्यावर मांडतो. रिकामी डबी २५.४० ग्रॅम, ओल्या मातीसह ६८.९०, वाळल्यावर ६०.२०. पाणी ८.७० ग्रॅम. आता भागायचं कशाने? कोरड्या मातीने, म्हणजे ३४.८० ने भागलं तर २५ टक्के. ओल्या मातीने, म्हणजे ४३.५० ने भागलं तर २० टक्के. दोन्ही आकडे 'ओलावा' म्हणूनच सांगितले जातात. मातीच्या कामात भाजक कोरडी माती असते. जे मूल ही गल्लत पहिल्या महिन्यात करतं ते पुढे कोणत्याही शोधनिबंधातला टक्का वाचताना 'कशाचा टक्का' हे विचारतं, म्हणून ही चूक आम्ही थांबवत नाही, होऊ देतो.

ओव्हनमधल्या खऱ्या अडचणी पुस्तकात कमी सापडतात. गरम डबी लगेच तोलली तर भोवतालची हवा तापून वर जाते आणि काटा वजन कमी दाखवतो. उघड्यावर गार केली तर कोरडी काळी माती हवेतली वाफ ओढून घेते आणि वजन वाढतं. म्हणून झाकण लावून डेसिकेटरमध्ये, म्हणजे आतली हवा कोरडी ठेवणाऱ्या बंद काचेच्या भांड्यात, गार करायची. त्यातली निळी सिलिका जेल गुलाबी झाली असेल तर तो डेसिकेटर म्हणजे फक्त काचेचं भांडं, जेल आधी ओव्हनमध्ये वाळवून घ्यायची. डबी आणि झाकण दोन्हींवर तोच क्रमांक कोरायचा. मार्करने लिहिलेले क्रमांक ओव्हनमध्ये पुसट होतात आणि सकाळी सहा डब्या आणि सहा झाकणं यांची जुळवाजुळव करत बसावं लागतं. २४ तासांनी तोलून झाल्यावर एक डबी परत दोन तास ओव्हनमध्ये ठेवायची. वजन आणखी घटलं तर वाळवण पुरं झालेलं नाही.

डबी गार होत असताना रिकामा वेळ जातो, तोही वापरतो. तोलायची नसलेल्या वेगळ्या डबीतल्या वाळलेल्या मातीत थर्मामीटर खोचून दर मिनिटाला तापमान लिहायचं. न्यूटनचा शीतलनाचा नियम एम-टूच्या 'उपयोग' या भागात असतोच. ज्यांचा तो पेपर राहिला आहे त्यांना ते गणित स्वतःच्या आकड्यांवर सोडवायला देतो, आणि मग मागच्या प्रश्नपत्रिकेतलं तसंच गणित. क्रम मात्र हाच. प्रश्नपत्रिकेपासून सुरुवात केली की मुलं परत पायऱ्या पाठ करायला लागतात.

पाचव्या-सहाव्या आठवड्यात सेन्सरमागचं तत्त्व येतं. पाण्याचा पराविद्युत स्थिरांक (डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंट) सुमारे ८०, कोरड्या मातीचा साधारण ३ ते ५, हवेचा १. माती ओली झाली की सेन्सरच्या पट्टीची धारिता, म्हणजे विद्युतभार साठवण्याची क्षमता, वाढते. धारिता म्हणजे काय हे सगळ्यांना 'येत' असतं, म्हणून आधी ती मोजायला लावतो. १ मेगाओहमचा रोध, १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, ५ व्होल्ट. काळस्थिरांक, म्हणजे रोध गुणिले धारिता, १० सेकंद यायला हवा, फोनवर मल्टिमीटरचा व्हिडिओ काढून दर सेकंदाचा व्होल्टेज टिपता येतो. व्होल्टेज चढत जातो आणि साडेचारच्या जरा वर जाऊन थांबतो. पाचपर्यंत जातच नाही. मुलं सेल बदलतात, तारा बदलतात, शेवटी कपॅसिटर खराब आहे असं ठरवतात. कारण मल्टिमीटरमध्ये आहे. त्याचा स्वतःचा रोध साधारण १० मेगाओहम असतो, तो कपॅसिटरला समांतर बसतो आणि विभाजक तयार होतो: ५ च्या अकरा भागांतले दहा, म्हणजे ४.५५ व्होल्ट. काळस्थिरांकही १० चा सुमारे ९.१ सेकंद होतो. त्यातून इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरवर छापलेला आकडा २० टक्क्यांनी इकडेतिकडे असू शकतो, हे वेगळंच.

या एका प्रयोगावर आम्ही दोन शुक्रवार घालवतो. 'अंतिम व्होल्टेज वजा आत्ताचा व्होल्टेज' याचा लॉग काळासमोर मांडला की सरळ रेघ यायला हवी. अंतिम म्हणून ५ घेतले तर रेघ शेवटी वाकते, ४.५५ घेतले तर सरळ होते. आलेखाची वाकलेली शेपटी तुमच्या गृहीतकातली चूक दाखवते, हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की मुलं आलेखाकडे सजावट म्हणून पाहत नाहीत. मोजणारं यंत्र मोजल्या जाणाऱ्या गोष्टीत ढवळाढवळ करतं, हा धडा तर पुढे वर्षभर पुरतो.

मग अंशांकन, म्हणजे मुलांच्या भाषेत कॅलिब्रेशन: सेन्सरचा कोणता आकडा म्हणजे किती ओलावा हे ठरवणं. शेतातल्या वरच्या १५ सेंटिमीटरमधली काळी माती उन्हात वाळवून, लाकडी मोगरीने फोडून, २ मिलिमीटरच्या चाळणीतून काढतो. हवेत वाळलेली ही माती हाताला पूर्ण कोरडी लागते आणि इथेच जवळजवळ प्रत्येक बॅच फसते. काळ्या मातीतली चिकणमाती बरंचसं पाणी धरून ठेवते. समजा हवेत वाळलेल्या मातीत ७ टक्के ओलावा आहे. मुलं १८०० ग्रॅम माती घेतात, १८० मिलिलिटर पाणी घालतात आणि लेबल लावतात '१० टक्के'. प्रत्यक्षात त्यात कोरडी माती १६८२ ग्रॅम आणि एकूण पाणी २९८ ग्रॅम आहे, म्हणजे जवळपास १७.७ टक्के. म्हणून आधी हवेत वाळलेल्या मातीच्या तीन डब्या ओव्हनमध्ये. मग हिशोब: १८०० ग्रॅम कोरडी माती हवी तर १९२६ ग्रॅम घ्यायची, २० टक्के ओलावा हवा तर एकूण पाणी ३६०, त्यातलं १२६ आधीच मातीत आहे, वरून २३४ मिलिलिटर घालायचं.

पाणी एकदम ओतलं तर गोळे होतात, वरून ओले आणि आतून कोरडे. फवाऱ्याने थोडं थोडं मारत हाताने कालवायचं, दोन पिशव्यांत बांधून २४ तास मुरत ठेवायचं. दुसऱ्या दिवशी बादलीत तीन सारख्या थरांत भरायचं. १५०० घनसेंटिमीटरची खूण बादलीत पाणी ओतून आधीच केलेली असते. २० टक्क्यांना ओली माती २१६० ग्रॅम, प्रत्येक थर ७२० ग्रॅम, आणि शेवटचा थर त्या खुणेला लागला की घनता १.२ ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर. घनता पाळली नाही तर सेन्सर पाण्यातला फरक दाखवतो की दाबण्यातला, हे कळायला मार्ग नाही. १० ते ३० टक्क्यांपर्यंत पाच-पाचच्या पायऱ्या आणि शिवाय हवेत वाळलेली माती, असे सहा ओलावे. प्रत्येकाच्या तीन वेगळ्या भरण्या. तीच बादली तीनदा वाचणं म्हणजे तीन प्रयोग नव्हेत, हे दर वर्षी परत सांगावं लागतं. ३० च्या पुढे माती हाताला इतकी चिकटते की थर सारखे बसत नाहीत. तिथे आम्ही थांबतो आणि का थांबलो ते लिहितो.

सेन्सरची पट्टी नुसती वापरायची नाही. कापलेल्या कडांमधून पाणी आत शिरतं आणि दोन आठवड्यांत रीडिंग सरकायला लागतं. कडांना पारदर्शक नेलपॉलिशचे तीन हात, वरच्या सर्किटला हीटश्रिंक, म्हणजे तापवल्यावर आवळणारी नळी. मातीत घालताना आधी करवतीच्या पात्याने फट पाडायची, सेन्सर सरळ खुणेपर्यंत दाबायचा, हलवायचा नाही. पट्टीला फक्त अगदी लगतची माती 'दिसते', एक मिलिमीटर हवेची फट राहिली तरी माती कोरडी वाटते. प्रत्येक सेन्सरला क्रमांक आणि प्रत्येकाचं वेगळं अंशांकन. तीस रीडिंग घेऊन त्यांचा मध्यक लिहायचा.

रीडिंग आपोआप सरकतं त्याचं आणखी एक कारण सापडायला वेळ लागतो. ओलावा वाढला की या सेन्सरचा व्होल्टेज उतरतो. सेन्सर ज्या छोट्या कंट्रोलर बोर्डाला जोडतो तो अर्डुइनो उनो तो व्होल्टेज स्वतःच्या पुरवठ्याशी ताडून ० ते १०२३ असा आकडा देतो. सेन्सरच्या आत वेगळा रेग्युलेटर असेल तर त्याचा व्होल्टेज पुरवठ्याबरोबर हलत नाही. समजा सेन्सर २ व्होल्ट देतोय. पुरवठा बरोबर ५ असेल तर आकडा सुमारे ४१०. दुसऱ्या लॅपटॉपच्या यूएसबीवर पुरवठा ४.७ झाला तर तोच आकडा ४३६. मातीला काही झालेलं नाही, पण वहीत ती वाळली. यावर उपाय दोन: रीडिंगसोबत पुरवठ्याचा व्होल्टेज मोजून लिहायचा, किंवा व्होल्टेजचा आकडा करणारी, स्वतःचा संदर्भ असलेली एडीएस १११५ ही चिप वापरायची. आम्ही पहिला उपाय आधी करायला लावतो, कारण त्यात गुणाकार-भागाकार मुलांना करावा लागतो.

आता सेन्सरचा आकडा आणि ओलावा यांच्या बिंदूंवर रेघ बसवायची. लिस्ट स्क्वेअर्स, म्हणजे फरकांच्या वर्गांची बेरीज कमीत कमी ठेवणारी रेघ काढायची रीत, सगळ्यांनी एम-थ्रीसाठी पाठ केलेलं असतं. सहा बिंदूंवर दोन गुणिले दोनचं मॅट्रिक्स हाताने सोडवायचं, मगच पायथॉन. पायथॉन हातात आलं की मुलं पाचव्या घाताचा वक्र बसवतात, तो सहाही बिंदूंमधून जातो, आर-स्क्वेअर, म्हणजे वक्र बिंदूंशी किती जुळतो त्याचं माप, १ येतो आणि खोलीत आनंदाचं वातावरण पसरतं. तेव्हा त्यांना माहीत नसलेल्या ओलाव्याची एक बादली पुढे ठेवतो. वक्राचं भाकीत लिहून घ्यायचं, मग माती ओव्हनमध्ये, उत्तर दुसऱ्या दिवशी. उद्या ओव्हन काय सांगेल याची वाट पाहणारी मुलं रात्री गटावर एकमेकांची भाकितं विचारत असतात. त्यानंतर उरलेल्या फरकांचा आलेख काढायचा. फरक शून्याभोवती विखुरलेले हवेत. ते कमानीसारखे दिसले तर आर-स्क्वेअर ०.९८ असला तरी रेघ चुकीच्या आकाराची आहे.

परीक्षेच्या आधी तीन आठवडे काम पूर्ण बंद. प्रयोगशाळेला कुलूप लावतो असं म्हटलं तरी चालेल. शुक्रवारचा तास मात्र चालू राहतो आणि तो बॅकलॉगच्या पेपरला देतो. हे तीन आठवडे न दिल्यामुळे चांगली मुलं विषय गमावतात आणि मग घरचे संशोधनालाच दोष देतात. त्यांचं चूक नाही.

शेतातली मोजणी दिवाळीच्या सुट्टीत, मुलं गावी जातात तेव्हा. प्रत्येक जोडीकडे आठ डब्या, एक सेन्सर आणि २०० ग्रॅमचा खिशातला वजनकाटा. शेतकऱ्याला विचारायचं, 'काका, वाफसा आहे का?' उत्तर आधी लिहायचं, सेन्सर नंतर लावायचा आणि आकडा त्यांना दाखवायचा नाही. आकडा दिसला की माणूस मातीऐवजी आकड्याकडे पाहून बोलतो. ओलं वजन बांधावरच घ्यायचं. एसटीच्या प्रवासात झाकण सैल झालं तरी मग बिघडत नाही, कारण वाळलेल्या वजनासाठी फक्त माती सांडता कामा नये. म्हणून झाकणावर चिकटपट्टी.

शेतात बादलीतलं सगळं जुळत नाही. काळी माती वाळताना आकसते, भेगा पडतात, पट्टीशेजारी फट पडते आणि रीडिंग एका दिवसात कोरड्याकडे उडी मारतं. शेजारची माती हाताने दाबली की आकडा परत येत असेल तर ती भेग, येत नसेल तर खरंच वाळलं. खारट विहिरीच्या पाण्यावरच्या शेतात तोच ओलावा वेगळं रीडिंग देतो, कारण क्षारांनी मातीची वाहकता बदलते. बादलीत घनता आपण ठरवलेली होती, शेतात ती ओलाव्याबरोबर बदलते. त्यामुळे वजनी टक्क्यावरून आकारमानी ओलावा (मातीच्या आकारमानात पाण्याचं आकारमान किती) काढताना नुसतं १.२ ने गुणणं पुरत नाही.

अहवालाबद्दल थोडंच सांगण्यासारखं आहे. आधी मराठीत, तोंडी, दहा मिनिटं, फळ्याशिवाय. मग इंग्रजीत लिहायचं. इंग्रजीपासून सुरुवात केली की मुलं इतरांची वाक्यं उचलतात, कारण आपल्याला काय म्हणायचंय तेच ठरलेलं नसतं. आविष्कार या विद्यापीठांच्या संशोधन स्पर्धेसाठी पोस्टर करायला हरकत नाही, त्यात परीक्षकांच्या प्रश्नांचा सराव होतो. पैसे भरून आठवड्यात निबंध छापून देणाऱ्या नियतकालिकांना मात्र आमच्या गटातून एकही ओळ जात नाही.

वर्षाच्या शेवटी एक पेटी भरली जाते: वाळवलेल्या मातीचा सीलबंद डबा, क्रमांक लिहिलेले सेन्सर, खुणेची बादली, सगळ्या वह्या. खोडलेल्या नोंदींच्या पानांना रंगीत कागद लावलेले असतात. पुढच्या बॅचचं पहिलं काम म्हणजे त्याच मातीवर, त्याच सेन्सरने, आधीच्या बॅचचा १५ टक्क्यांचा बिंदू परत काढणं. तो जुळला तर पुढे जायचं. जुळला नाही तर त्या वर्षीचा प्रश्न तोच.